ताऱ्यांचीं अंतरें व शून्यांची रांग

प्रकाश एका वर्षांत सुमारें साडेनऊ लक्ष कोटि किलोमीटर जातो व तेवढ्या अंतरास प्रकाशवर्ष म्हणतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतें. ‘चार प्रकाशवर्षांचे किलोमीटर करा’ असें परीक्षेंत विचारलें, कीं गुणाकार होतो, शून्यें मांडलीं जातात व गुणही मिळतात. परंतु त्या उत्तरावरून मनांत कोणतें चित्र उभें राहिलें, असें विचारल्यास बहुतेकांस कांहींच सांगतां येत नाहीं. ही पद्धति आम्हांस पसंत नाहीं.

कोणी म्हणतील, कीं अशा प्रचंड संख्यांनीं सृष्टिकर्त्याच्या अगाध सामर्थ्याविषयीं आदर उत्पन्न होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. बारा शून्यें व पंधरा शून्यें यांतील भेद ज्यास जाणवत नाहीं, त्याचा आदर कागदावरील रांगेपुरताच असतो.

शिवाय, मूळ माप ‘सुमारें चार’ असें स्थूल असतां मुलें उत्तरांत दहा-दहा अंक लिहितात. गणकयंत्रानें दाखविले म्हणून ते सर्व खरे मानतात. एकक बदलल्यानें मापाचा अचूकपणा वाढत नाहीं. अशा उत्तरास परीक्षकांनीं पूर्ण गुण देऊं नयेत.

त्यापेक्षां अंतरें परस्परांशीं ताडून पाहावीं. पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतरावरून खगोलीय एकक घेतलेलें आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें इ. स. २०१२ मध्यें त्याचें मान १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असें निश्चित केलें. एका प्रकाशवर्षांत अशीं सुमारें ६३,२४१ एककें मावतात. आतां एका मैलाचे इंच किती? ६३,३६०! हा निव्वळ योगायोग आहे. पण शिक्षकांनीं त्याचा लाभ कां घेऊं नये? पृथ्वी सूर्यापासून एक इंचावर मानली, कीं प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ एक मैल. (मैल आजच्या मुलांस परका झाला आहे खरा, त्यांनीं १.६ किलोमीटर धरावे.)

या मापानें सूर्य खसखशीच्या दाण्याहूनही बारीक होतो; पृथ्वी तर डोळ्यांस दिसणारच नाहीं. नेपच्यून हा सर्वांत दूरचा ग्रह तीस इंचांवर, म्हणजे एका मेजावर मावेल इतका जवळ. आणि सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? तो सव्वाचार मैलांवर. सूर्य मुंबईस बोरीबंदरावर ठेवला, तर तो तारा परळच्या अलीकडे कोठें तरी येईल.

इ. स. १९७७ मध्यें निघालेलें ‘व्हॉयेजर-१’ हें यान याच मापानें मोजून पाहावें. मनुष्यानें पाठविलेली कोणतीही वस्तु त्याहून दूर गेलेली नाहीं. तें आतां १६५ एककांच्या पलीकडे आहे, म्हणजे चौदा फुटांच्या आसपास. वर्गांतील फळ्यापासून तें निघालें असें मानलें, तर मागच्या बांकापर्यंत तें अद्यापि पोंचलेलें नाहीं.