षष्ठी विभक्तीचे राजकारण

गाथासप्तशती ‘हालाची’ म्हणण्याची मराठी समीक्षेची सवय आता तपासली पाहिजे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीच्या नावातच ‘हाल सातवाहनाची’ असे शब्द आहेत. जोगळेकरांचे ऋण मान्य करूनही या षष्ठी विभक्तीला हरकत घेणे भाग आहे.

संहिता स्वतः काय सांगते? तिसरी गाथा हालाला श्रेय देते ते कोटी गाथांतून सातशे ग्रथित केल्याचे. सातव्या शतकात बाणभट्टाने सातवाहनाचा गौरव केला तोही सुभाषितांचा कोश सिद्ध करणारा म्हणून. आल्ब्रेख्ट वेबर यांनी १८८१ साली निरनिराळ्या पाठपरंपरा एकत्र केल्या तेव्हा गाथांची संख्या ९६४ झाली. सर्व परंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३०च भरल्या. इतकी प्रवाही संहिता एकाच राजाच्या नावे कशी लावायची?

तरीही राजाचे नाव सोयीचे वाटते, याचे कारण माझ्या मते या गाथांच्या शृंगारात आहे. उघड कामभावनेवर राजमुद्रा उमटली की ती ‘अभिजात’ ठरते. तीच रेवा, माधवी, अनुलक्ष्मी यांच्या नावे आली की अडचण होते. ही नावे टीकापरंपरेने नोंदविली आहेत. टीकाकारांत एकवाक्यता नाही, म्हणून ती अविश्वसनीय, असा आक्षेप आहे. तो रास्त मानला तर काही गाथा हालाच्या म्हणून नोंदल्या आहेत, त्यांनाही तोच न्याय लावावा लागेल. गाथेतील वक्ती स्त्री म्हणून कवीही स्त्रीच, असा माझा दावा नाही. संशय केवळ स्त्रियांच्याच वाट्याला का, एवढाच प्रश्न आहे. गंगाधरासारखा टीकाकार तर साध्या शेतशिवाराच्या वर्णनातही चोरट्या भेटीचा संकेत वाचतो. म्हणजे कर्तृत्व राजाचे आणि बदनामी गावच्या बाईची!

संग्राहक आणि कवी यांतील भेद राखता येतो, याचा दाखला गोदाकाठच्या बीड जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९६ साली माजलगावातही ध्वनिमुद्रण झाले. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. संग्राहकांनी कवी म्हणून स्वतःचे नाव लावले नाही. गाथासप्तशतीच्या पुढील मराठी आवृत्तीने हाच विवेक पाळावा: प्रत्येक गाथेखाली परंपरेने दिलेली सर्व नावे मतभेदांसह छापावीत, आणि मुखपृष्ठावर हालाला संग्राहकाचे, त्याने स्वतः मागितलेले स्थान द्यावे.