विमानबंदीने मिळतो तो केवळ अवधी

साथीच्या काळात परदेशी विमाने थांबवावीत की प्रवाशांची तपासणी करावी, हा प्रश्न कोविड-१९ च्या काळात केंद्र सरकारपुढे वारंवार उभा राहिला. नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा २२ मार्च २०२० पासून स्थगित करण्यात आली. ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मात्र या दोन वर्षांत आकाशमार्ग पूर्णतः बंद नव्हता. ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेद्वारे परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यात आले, तर जुलैपासून निवडक देशांशी ‘एअर बबल’ व्यवस्थेनुसार मर्यादित उड्डाणे सुरू झाली.

ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार आढळल्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये तेथील विमाने तात्पुरती थांबवण्यात आली. तथापि, त्याआधीच्या चार आठवड्यांत सुमारे ३३ हजार प्रवासी ब्रिटनहून भारतात उतरले होते. २९ डिसेंबरला त्यांच्यापैकी सहा जणांना या प्रकाराची बाधा झाल्याचे बंगळुरू, हैदराबाद आणि पुण्यातील प्रयोगशाळांच्या तपासणीत स्पष्ट झाले. बंदीपूर्वीच विषाणू देशात पोहोचला होता. त्याच महिन्यात जनुकीय क्रमनिर्धारणासाठी स्थापन झालेले ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे मात्र पुढेही उपयोगी पडले.

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी नियमित उड्डाणे १५ डिसेंबरपासून सुरू करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ‘ओमायक्रॉन’ हा चिंताजनक प्रकार असल्याचे घोषित केले. १ डिसेंबरला सरकारने निर्णय लांबणीवर टाकला. मर्यादित उड्डाणे सुरू ठेवून जोखमीच्या देशांतील प्रवाशांची विमानतळावर चाचणी सक्तीची करण्यात आली. महाराष्ट्राने अशा प्रवाशांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण बंधनकारक केले. केंद्राने या विसंगतीकडे लक्ष वेधल्यावर राज्याने नियमांत बदल केले. या काळात प्रवाशांना मात्र दिवसागणिक बदलत्या नियमांना तोंड द्यावे लागले. २ डिसेंबरला कर्नाटकात आढळलेल्या पहिल्या दोन रुग्णांपैकी एकाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेने या प्रकाराची माहिती तत्परतेने जगाला दिली, तरी अनेक देशांनी तिच्याशी असलेली विमानसेवा तोडली. प्रामाणिकपणाची हीच किंमत असेल, तर पुढच्या साथीत माहिती दडवण्याकडे कल वाढण्याचा धोका आहे. विमानबंदीने विषाणू अडत नाही, तयारीसाठी थोडा अवधी मिळतो. चाचण्या, क्रमनिर्धारण आणि केंद्र व राज्यांचे एकसूत्री नियम यांसाठी तो वापरला, तरच प्रवाशांनी सोसलेली गैरसोय सार्थकी लागते.