समोरचा वारा

आषाढ-श्रावणात जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात एक नवल पाहावयास मिळते. कड्यावरून कोसळणारे पाणी मधूनच तुषार होऊन उलट वर उडते. कोकणातून येणारा पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून इतक्या जोराने वर उसळतो, की धबधब्यालाही माघार घ्यावी लागते. हाच वारा घाटमाथा ओलांडून जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या रस्त्यांवर येतो आणि सायकलीने शाळेस जाणाऱ्या मुलांची परीक्षा पाहतो.

समजा, अशा दिवशी घोडेगावच्या शाळेस दोन मुले निघाली. एक डिंभ्याकडून, दुसरा मंचरकडून. पहिल्याच्या पाठीशी वारा आहे, तर दुसऱ्याच्या छातीवर. पहिला घंटेपूर्वी वर्गात बसतो. दुसरा घामाघूम होऊन उशिरा पोहोचतो. मुले त्याला हसतात. हे हसणे न्याय्य आहे काय?

वाऱ्याचा हिशेब साधा आहे. सायकलस्वाराला लागणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला, की तिचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या समोर तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर आपला वेग राखण्यासाठी त्याला चौपट अडथळा सोसावा लागतो. जाणता स्वार अशा वेळी वाऱ्याशी इरेस पडत नाही. तो पाय सारख्या जोराने चालवतो आणि वेग कमी होऊ देतो. इरेस पडणारा मात्र अर्ध्या वाटेतच थकून बसतो.

हे शाळेच्या वाटेपुरतेच खरे नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. प्रथमच नलारबॉरचे रुक्ष पठार ओलांडावयाचे होते. ‘एकही झाड नाही’ असाच या नावाचा अर्थ. तेथे वारा अडवावयास काही नाही. त्या वाटेवर महामार्गाचा एक भाग तर सुमारे १४६ किलोमीटर अगदी सरळ जातो. पुढे कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले, स्पेनमध्ये तिला चोरांनी लुटले, रशियात बर्फात एकटीने रात्री काढाव्या लागल्या. तरीही चौदा देशांतून, बहुतेक वाट एकटीने, सुमारे २९,००० किलोमीटर अंतर काटून ती डिसेंबरमध्ये कोलकात्यास पोहोचली. तिला १५९ दिवस लागले.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहॅम हिने एकटीने अशीच प्रदक्षिणा १२४ दिवसांत पूर्ण केली. शर्यतीच्या दृष्टीने जेनी पुढे, यात शंका नाही आणि तो मान तिला दिलाच पाहिजे. परंतु म्हणून वेदांगीचा प्रवास उणा ठरत नाही. अधिक लागलेल्या पस्तीस दिवसांत तिने घरची वाट धरली नाही, हेही मोजावयास हवे.

वर्गातही असेच असते. कोणाच्या घरी पुस्तके असतात, शिकवणारी वडीलधारी माणसे असतात. कोणाला पहाटे गोठा झाडून, गुरांना चारा घालून मगच दप्तर उचलावे लागते. दोघांचे गुण एकाच कागदावर लिहिले जातात. वारा मात्र त्या कागदावर दिसत नाही.

अर्थात मंचरकडून येणाऱ्याने वाऱ्याचे निमित्त सांगून घरी बसणे योग्य नव्हे. वारा समोरचा आहे हे ओळखून त्याने थोडे आधी निघावे. आणि वर्गातील मुलांनी त्याला हसण्यापूर्वी तो कोणत्या दिशेने आला, हे विचारावे. कारण सायंकाळी शाळा सुटते, तेव्हा वारा तोच असतो; परंतु डिंभ्याकडे परतणाऱ्याला तो समोरून घ्यावा लागतो.