नेटवर्क नाही म्हणे!

परवा शनिवारी आमचा मुलुंडचा कंपू नेहमीप्रमाणे जमला. टेबलावर फासे, पेन्सिली आणि भडंगाचा डबा. कथानक आजच्या काळातलं. आरे कॉलनीतून एक मुलगी बेपत्ता झालीये आणि आम्ही चौघं रात्री तिला शोधतोय. माझ्या पात्राला, म्हणजे एका रिक्षावाल्याला, झाडीत तिची चप्पल सापडली. मी म्हटलं, "बाकीच्यांना फोन लावतो." आमचा सूत्रधार शांतपणे म्हणाला, "नेटवर्क नाही."

अरे, पाचच मिनिटांपूर्वी दुसऱ्याने तिथूनच मॅप बघितला होता की!

माझं स्पष्ट मत आहे मंडळी, हा निव्वळ आळस आहे. बग सापडत नाही म्हणून आख्खं फीचरच कमेंट करून टाकायचं, त्यातला प्रकार. काही जण तर मोबाइलची कटकट नको म्हणून थेट १९२० सालात पळतात. अहो, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच आलं होतं! पळून पळून जाणार कुठे?

तुम्ही म्हणाल, फोन दिला की थरार संपला. साफ चूक. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी सीप्झहून मुलुंडला चालत निघालो होतो. मोबाइल खिशात, पण काही केल्या लागत नव्हता. तो मात्र सगळ्यांचाच लागत नव्हता, आणि का ते समोर कमरेएवढं दिसत होतं. नेटवर्क घालवायचंच तर असं घालवा, सर्वांचं आणि कारणासकट.

खरी गंमत पुढे आहे. रात्री पवईत एका दुकानाच्या लँडलाइनवरून एकदाचा घरी फोन लागला. आई म्हणाली, "बाबा दुपारपासून घाटकोपरला अडकलेत रे." झालं! फोन लागेपर्यंत मला घरी पोचायची एकच काळजी होती, लागल्यावर दोन झाल्या. आईकडे जाऊ की बाबांकडे? ते पाच मिनिटं त्या दुकानाच्या पायरीवर बसून ठरवणं मी आजही विसरलेलो नाही. एवढा ताण कुठल्या सूत्रधाराने मला आजवर दिलाय?

म्हणजे फोनमुळे बातमी पोचते, माणूस पोचत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. मित्राला फोन लागू द्या, पण तो बोरिवलीला आहे आणि त्याला यायला तास लागणार. पोलिसांना लागू द्या. ते येतीलही, पण आधी तुम्हालाच विचारतील, "एवढ्या रात्री तुम्ही इथे काय करताय?" आणि केलेला प्रत्येक कॉल टॉवरच्या नोंदीत राहतोच, तो उद्या तुमच्यावरच उलटवता येतो.

आणि फॉरवर्ड? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. ते जसंच्या तसं खेळात आणा असं मी मुळीच म्हणत नाही, तो करमणुकीचा विषय नाही. पण तिथे प्रत्येक खिशातला फोन व्यवस्थित चालू होता, हे विसरू नका. आमच्या खेळात मी त्या चपलेचा फोटो ग्रुपवर टाकला असता, तर तासाभरात रात्री भटकणारा हा रिक्षावालाच संशयित झाला असता. मग तो फोटो टाकायचा की नाही, हा निर्णय खेळाडूला घेऊ द्या ना! सूत्रधाराने "नेटवर्क नाही" म्हणून तो निर्णयच आमच्याकडून काढून घेतला, माझा राग त्यावर आहे.

असो. भांडून झाल्यावर पुढचा शनिवार माझ्या गळ्यात पडलाय. सगळ्यांचे फोन फुल चार्ज, रेंजही फुल्ल. आणि रात्री दोन वाजता त्या मुलीच्याच नंबरवरून फोन येणार आहे.

बघू, कोण उचलतं ते!