आले किती, थांबले किती?

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आहे पोहरादेवीहून. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. पत्र लिहिणारी मैत्रीण नववीत शिकते. आजीकडून ऐकलेली होळीची लेंगी गीतं तिने आजीच्याच आवाजात वेबसाइटवर ठेवली. पण बघायला येतं कोण? घरचीच चार माणसं! म्हणून तिच्या दादाने ‘ट्रॅफिक एक्स्चेंज’च्या तीन सेवांत नाव नोंदवलं. आता रोज संध्याकाळी दोघं क्लिक करत बसतात. ती विचारते, ‘तिघांपैकी खरे पाहुणे कोण पाठवतं, हे कसं ओळखायचं?’

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येतो, असा हा व्यवहार. दुसऱ्यांची पानं ठरावीक सेकंद उघडी ठेवली की आपल्या खात्यात गुण जमतात. त्या गुणांच्या बदल्यात इतर सभासद आपलं पान उघडतात.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. समजा, एक पान 15 सेकंद पाहायचं आणि दोन पानं पाहिली की एक पाहुणा मिळतो. मग 100 पाहुण्यांसाठी 200 पानं, म्हणजे 3000 सेकंद. झाली की 50 मिनिटं! बदल्यात 100 जण 15-15 सेकंद येणार, म्हणजे एकूण 25 मिनिटं. उरलेली 25 कुठे गेली? ती सेवा चालवणाऱ्याच्या खिशात! तो ती जाहिरातदारांना विकतो. ही युक्ती जुनीच आहे, बरं का. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेली ‘लिंकएक्स्चेंज’ दुसऱ्यांच्या दोन जाहिरातपट्ट्या दाखवल्या की तुमची एक दाखवायची. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसव्वीस कोटी डॉलरला विकत घेतली.

तर मैत्रिणी, आता तुझा प्रश्न. सेवेने सांगितलेला आकडा धरूच नकोस. धान्य विकणाऱ्याचंच माप कोण खरं मानतं? गीतांच्या पहिल्या पानाच्या तीन सारख्या प्रती कर आणि प्रत्येक सेवेला वेगळा पत्ता दे. एकाच दिवशी, एकाच वेळी, सारखेच गुण खर्च कर. मग वहीत मांड : सेवेने किती पाठवले म्हटलं, तुझ्या मोजणीत किती आले, ‘ऐका’ हे बटण किती जणांनी दाबलं, आणि आठवड्यात परत किती आले. पहिले दोन आकडे जुळणार नाहीत. कुणी पान पुरतं उघडण्याआधीच पुढे जातो, तर कधी माणसाऐवजी संगणकाचा प्रोग्रॅमच फेरी मारून जातो. म्हणूनच काही सेवा मध्येच चित्र ओळखायला लावतात. तशी सेवा जरा बरी.

पण खरी परीक्षा तिसऱ्या रकान्यात. समजा, एकीने 90 पाठवले आणि कुणीच बटण दाबलं नाही, दुसरीने 60 पाठवले आणि दोघांनी दाबलं. माझ्या मते दुसरी सरस. तरी फार आशा धरू नकोस हं! येणाऱ्याचा डोळा गाण्यावर नसतो, सेकंदांवर असतो. तुझाही त्यांच्या पानांवर तसाच असतो की नाही? खरं सांग!

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. या सेवांत पुढे कुठलं पान उघडेल याचा नेम नसतो, म्हणून मुलांना एकटं बसवू नका. वेबसाइटवर गूगलच्या जाहिराती लावायचा विचार असेल तर त्यांच्या नियमांत असे पाहुणे चालत नाहीत. खातं बंद होऊ शकतं.

आणि मैत्रिणी, तुझ्या गावाला तर रामनवमीला तेलंगण-कर्नाटकातल्या तांड्यांवरूनही माणसं येतात! लेंगी त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराला विचारून क्यूआर कोडचा कागद लाव. त्याला मात्र चौथा, वेगळाच पत्ता दे. यात्रा झाली की चारही रकाने आम्हाला पाठव. इथेच छापू.