माळ्यावरचा अलार्म
बेंगळुरूच्या नगरथपेठेत विटा-आटपाडीकडच्या आपल्या गलाईवाल्यांचे, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांचे गाळे आहेत. एवढ्याशा गाळ्याला एक अलार्म पुरे, हा हिशेब घातक आहे. धुराचा डिटेक्टर मोकळ्या छताखाली सुमारे 7.5 मीटरपर्यंतचा धूर टिपतो. मध्ये भिंत आली की त्याची हद्द संपली. तेव्हा खोल्या मोजा. पुढे एक, माळ्यावर एक आणि भट्टीपाशी उष्णतेचा, कारण धुराचा तिथे रोज उगाच कोकलेल आणि कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवेल. कारागीर माळ्यावर झोपत असतील तर तिन्ही एकमेकांना जोडलेलेच हवेत. खाली धूर झाला की वर वाजलेच पाहिजे. 2010मध्ये याच शहरात कार्लटन टॉवर्सच्या आगीत 9 जण गेले, काही गुदमरून, काही उड्या मारून. अलार्म वाजल्यावर बाहेर पडायची वाटही मोकळी हवी, म्हणून जिन्यात रचलेला माल आजच हलवा.