गाव जोडलं, म्हणजे वस्ती जोडली का?

माझे आजोबा येसकराची पाळी करायचे. कुणाकडे मयत झालं की दहा-बारा कोसांवरच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचवायचा, साहेब आला की त्याच्या पुढं पळायचं. गावाचं सगळं दळणवळण एका जातीच्या पायांवर चालायचं, आणि मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं कायद्यानं संपायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

वडिलांनी रस्त्याकडेला टेलिफोन केबलचे चर खणले. मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली. घरातला पहिला पदवीधर. आज मी ऑप्टिकल फायबर जोडण्याचं काम करतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता तांत्रिक नाही.

आपलीच शिकलेली मुलं मला विचारतात, ‘फाइव्ह जी आलं, आता उपग्रहावरूनही इंटरनेट येतंय, मग जमीन कशाला उकरायची?’ प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

१९६६ मध्ये चार्ल्स काव या शास्त्रज्ञानं मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशानं दूरवर संदेश पाठवता येतील. पुढं २००९ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. आजच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल एवढीच घट होते. म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. तांब्याच्या टेलिफोन तारेवर काही किलोमीटरमध्येच इंटरनेटचा वेग ढासळतो. शिवाय फायबर एकदा पुरलं की पुढं वेग वाढवायला पुन्हा खणावं लागत नाही; दोन टोकांची यंत्रं बदलली की झालं.

टॉवरचं काय? टॉवरपासून आपल्या फोनपर्यंतच बिनतारी असतं. टॉवरच्या मागे वेगवान जोडणी लागतेच, आणि फाइव्ह जीचा भार पेलायला तिथं फायबरच सगळ्यात भरवशाचं. टॉवरची क्षमता परिसरातले सगळे वाटून घेतात. उपग्रहाची क्षमता तर त्याहून मोठ्या प्रदेशात वाटली जाते. दुर्गम डोंगरातल्या पाड्याला उपग्रह जरूर द्यावा. पण डांबरी रस्त्यालगतच्या गावातली वस्ती दुर्गम नसते. तिला तसं म्हणणं ही चलाखी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका गावात आम्ही ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत फायबर आणून दिलं. तपासणी यंत्रावर रेषा स्वच्छ होती. कागदावर गाव जोडलं गेलं. यंत्राची पेटी कार्यालयात, कार्यालयाला कुलूप, किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं. ओढ्यापलीकडे आपली वस्ती, अंतर सहाशे मीटर. बीएस्सीला असलेली एक मुलगी महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला पाण्याच्या टाकीजवळ उभी होती, कारण रेंज तिथंच यायची. तिनं विचारलं, ‘दादा, ही वायर आमच्याकडं कधी येणार?’ मी म्हणालो, ‘माझं काम इथपर्यंतच आहे.’

ते उत्तर मला अजून टोचतं, कारण ते खरं होतं. नकाशात काम तिथंच संपत होतं.

सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना मंजूर केली. पुढं तिलाच भारतनेट नाव मिळालं. उद्दिष्ट होतं सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचं, तेही दोन वर्षांत. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. उशिराची चर्चा सगळे करतात. मला खटकतं ते मोजमाप. घर नाही, माणूस नाही, पंचायत मोजली.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला ठाम विरोध केला होता. मसुद्यानं खेडं नाकारून व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांना आनंद होता. कारण गाव म्हणजे सगळे, हे त्यांना अनुभवानं पटणं शक्यच नव्हतं. गावाला विहीर असते तेव्हा ती वस्तीची असतेच असं नाही. गावाला रस्ता होतो तेव्हा तो वस्तीच्या तोंडाशी थांबतो. आता इंटरनेटचंही तेच होतंय. तार कुणी मुद्दाम जात बघून अडवत नाही. पंचायत कुठं आणि वस्ती कुठं, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलंय. योजनेनं तो नकाशा तसाच उचलला की पुरे.

तांत्रिक अडचण आहे का? नाही. पंचायतीतल्या योग्य यंत्रातून निघालेलं एक फायबर वस्तीपर्यंत नेऊन स्प्लिटरनं बत्तीस घरांत वाटता येतं. स्प्लिटरला वीज लागत नाही. आज सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत अशा एका फायबरवर सुमारे अडीच गिगाबिट वेग मिळतो. बत्तीसही घरं एकाच वेळी पूर्ण वापर करू लागली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर मेगाबिटच्या पुढं येतो. ही पद्धत वीस किलोमीटरपर्यंत चालते. आपला प्रश्न सहाशे मीटरचा आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायत नसलेल्या गावांना ‘मागणीनुसार’ जोडणी देण्याचं ठरलं आहे. हा शब्द नीट वाचा. मागणी कोण करणार? ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची ओळख आहे, ज्याच्या घरी कार्यालयाची किल्ली आहे, तो. वस्तीच्या वतीनं अर्ज लिहिणारा कुणी नसेल, तर सरकार म्हणेल की मागणीच नव्हती.

म्हणून हे मी तुम्हाला लिहितोय. तुम्ही कुठल्याही शाखेचे पदवीधर असा, सुट्टीत गावी गेलात की तीन गोष्टी करा. पंचायतीतली जोडणी चालू आहे का, हे स्वतः बघा. नसेल तर माहितीच्या अधिकारात कधीपासून बंद आहे ते विचारा. आणि ग्रामसभेत लेखी ठराव मांडा: वस्तीतल्या समाजमंदिराला, वाचनालयाला, अंगणवाडीला फायबर हवं, आणि प्रत्येक घराची मागणी नावानिशी नोंदवून घ्या. ठरावाची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

आजोबांनी गावाचे निरोप वाहिले, पण त्यांना स्वतःला कुणाचा निरोप यायचा नाही. मी आता गावोगाव तार पोहोचवतो. ती आपल्या दारापर्यंत आली नाही, तर माझ्या पदवीनंतरही आपण दुसऱ्यांचेच सांगावे वाहत राहू.